घरात पाठवलेला माणूस आणि पाठवणाऱ्याची जबाबदारी

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. मुले आखातात, पुण्यात किंवा बंगळुरात, आणि घरी दोघेच वयस्कर, अशी घरे आपल्या गोव्यात आता प्रत्येक वाड्यावर आहेत. पूर्वी घरात येणारा पाडेली (नारळ पाडणारा), गवंडी किंवा कामवाली बाई गावातलीच असे. तिचे घर, तिचे माणूस सगळ्यांना ठाऊक असे. आज दार उघडून आपण ज्याला आत घेतो त्याला ओळखणारी बहुतेक वेळा एकच व्यक्ती असते, ती म्हणजे त्याला पाठवणारा दुकानदार किंवा संस्थाचालक. त्यामुळे त्या पाठवणाऱ्याची जबाबदारी कुठून सुरू होते आणि कुठे संपते, हे दोन्ही बाजूंना नीट कळायला हवे. निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : बार्देश तालुक्यात माझी लहानशी संस्था आहे. आजारी आणि वयस्कर माणसांच्या देखभालीसाठी आम्ही घरोघरी मदतनीस पाठवतो. सध्या चौदा जण आमच्याकडे कामाला आहेत. प्रत्येकाच्या पोलीस पडताळणीचा कागद आम्ही फाइलमध्ये ठेवला आहे. शिवाय ‘मदतनिसाच्या गैरवर्तनाबद्दल संस्था जबाबदार राहणार नाही’ या अटीवर ग्राहकाची सही घेतो. एवढ्यावर आम्ही सुरक्षित आहोत का?

उत्तर : नाही, आणि त्याचे कारण जरा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ही समजूत फार पसरलेली आहे.

कर्मचाऱ्याने ग्राहकाच्या घरात नुकसान केले तर त्याच्या मालकावर दोन अगदी वेगळ्या वाटांनी भरपाईचा दावा येऊ शकतो. पहिली वाट प्रातिनिधिक दायित्वाची. नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी दीर्घकाळ मान्य केलेले आहे, आणि या वाटेवर मालकाची स्वतःची काही चूक होती की नाही हा प्रश्नच विचारला जात नाही. माणूस तुमचा होता का, आणि घडलेली गोष्ट त्याला दिलेल्या कामाशी जोडलेली होती का, एवढेच पाहिले जाते. म्हणजे पडताळणीचा कागद कितीही स्वच्छ असला तरी या दाव्याला तो उत्तर होत नाही. दुसरी वाट तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणाची : योग्य चौकशी न करता माणूस ठेवला, किंवा तक्रार आल्यावरही त्याला तसेच पाठवत राहिलात. फाइलमधला तो कागद कामाला येतो तो फक्त येथे, आणि येथेही तो उत्तराचा एक भागच असतो.

‘कामाशी जोडलेली गोष्ट’ म्हणजे काय, यावर खरा वाद होतो. भारतीय स्टेट बँक विरुद्ध श्यामा देवी या 1978च्या निकालाची येथे आठवण होते. खातेदाराच्या पतीने खात्यात भरण्यासाठी पैसे बँकेत नोकरी करणाऱ्या एका परिचिताच्या हाती दिले आणि त्याने ते खाऊन टाकले. सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले नाही, कारण ते पैसे त्याने बँकेचा कर्मचारी म्हणून स्वीकारले नव्हते, ओळखीचा माणूस म्हणून स्वीकारले होते. आता हेच आपल्या व्यवसायाला लावून पाहा. आजोबा मदतनिसावर विश्वास टाकून त्याला एटीएम कार्ड आणि पिन देतात, तो पेन्शनचे पैसे काढून आणतो, आणि तीन महिन्यांनी मुलाच्या लक्षात येते की खात्यात खिंडार पडले आहे. पैशाचे व्यवहार मदतनिसाने करायचे नाहीत असे आपण कुटुंबाला आणि मदतनिसाला दोघांनाही लेखी कळवले असेल, तर हा त्यांचा आपसातला व्यवहार होता असे म्हणायला आपल्याला जागा राहते. कळवले नसेल आणि ‘आमचा माणूस बँकेची कामेही करील’ असे आपल्या पत्रकात छापलेले असेल, तर ती जागा उरत नाही.

याउलट मारहाण, उपासमार किंवा लैंगिक अत्याचार अशी गोष्ट घडली तर आपली बाजू फार कमकुवत होते. इंग्लंडमध्ये 2001 साली लिस्टर विरुद्ध हेसली हॉल या खटल्यात वसतिगृहाच्या अधीक्षकाने मुलांवर केलेल्या अत्याचारांसाठी संस्थेला जबाबदार धरण्यात आले. मुलांचा सांभाळ करण्याचे काम संस्थेने त्याच्यावर सोपवले होते आणि अत्याचार त्याच सांभाळाच्या आड घडले, हा त्यामागचा विचार होता. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवणारा आपला व्यवसाय त्या विचाराच्या किती जवळ आहे, हे आपणच पाहावे. माझ्या मते अशा कामात संस्थेने हात झटकणे कायद्याला तर धरून नाहीच, माणुसकीलाही धरून नाही.

राहिली ती सही घेतलेली अट. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील उणिवेची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवलेली आहे, आणि ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या एकतर्फी कराराला ‘अनुचित करार’ म्हणून राज्य ग्राहक आयोगापुढे आव्हान देता येते. छापील अट असली म्हणून आपोआप सुटका होत नाही. त्या अटीपेक्षा मदतनिसाने काय करायचे, काय करायचे नाही आणि तक्रार कोणाकडे करायची, हे स्पष्ट सांगणारे एक पान ग्राहकाला दिले तर आपले अधिक संरक्षण होईल आणि ग्राहकाचेही.

पडताळणीबद्दलही एक गोष्ट आवर्जून सांगतो. 2014च्या डिसेंबरात दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या चालकाने प्रवासी तरुणीवर अत्याचार केला. त्याने सादर केलेला पोलिसांचा चारित्र्य दाखला बनावट असल्याचे नंतर पोलिसांनी सांगितले, आणि त्याच्यावर आधीही गुन्हे नोंदले गेले असल्याचे समोर आले. उमेदवाराने स्वतः आणून दिलेला कागद फाइलला लावणे म्हणजे पडताळणी नव्हे, हे त्या घटनेने साऱ्या देशाला दाखवून दिले. अर्ज आपण करावा, उत्तर थेट पोलिसांकडून घ्यावे, आणि चार वर्षांपूर्वीच्या कागदावर आजही विसंबू नये. आपल्या पत्रात चौदा कागदांचा उल्लेख आहे, पण त्यांपैकी एकाचीही तारीख दिलेली नाही. एखाद्या घरातून ‘दागिने जागेवर दिसत नाहीत’ किंवा ‘आईच्या दंडावर वळ आहेत’ असा फोन आला तर आपल्याकडे तो कोण लिहून घेतो, हेही पत्रावरून कळत नाही. खटला उभा राहिला तर वकील सर्वांत आधी अशा तक्रारींची वहीच मागेल. कामावर घेताना काही न सापडणे ही गोष्ट समजण्यासारखी असते; दोन घरांनी तक्रार केल्यावर त्याच माणसाला तिसऱ्या घरी पाठवले, हे मात्र कोणालाही पटवून देता येत नाही.

फौजदारी जबाबदारीची भीती आपण पत्राच्या शेवटी व्यक्त केली आहे. नोकराने गुन्हा केला म्हणून मालकाला शिक्षा होत नाही. त्यासाठी मालकाचा स्वतःचा सहभाग, चिथावणी किंवा एखाद्या विशिष्ट कायद्यातील स्पष्ट तरतूद लागते.

प्रश्न : चवथीच्या आधी घरातला एसी साफ करण्यासाठी मडगावच्या एका दुकानाने दोन मुलगे पाठवले. ते गेल्यावर बायकोच्या दोन पाटल्या कपाटात नव्हत्या. दुकानदार म्हणतो, ते त्याचे नोकर नाहीत, ‘कामापुरते’ बोलावलेले आहेत, पोलिसांत जा. आम्ही कोणाला धरायचे?

उत्तर : पोलिसांत तर आपण जायलाच हवे, आणि दुकानदाराने टाळाटाळ केली तरी त्यासाठी थांबू नये. राहत्या घरातील चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खालील गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीची प्रत आपल्याला विनामूल्य मिळायला हवी. ठाण्यावर तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पाटल्या सापडल्या तर त्या मुद्देमाल म्हणून जप्त होतील. त्या परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळी सोनाराची पावती किंवा पाटल्या घातलेला एखाद्या लग्नातला फोटो फार उपयोगी पडतो. तो आजच शोधून ठेवा.

आता दुकानदाराचे म्हणणे. ‘कामापुरता बोलावलेला’ हे शब्द वापरल्याने नाते बदलत नाही. आपण फोन कोणाला केला, वेळ कोणी ठरवली, अवजारे कोणाची होती, मुलग्यांच्या अंगावर कोणत्या दुकानाचा शर्ट होता, पैसे कोणाच्या खात्यात गेले, पावतीवर कोणाचे नाव आहे, आणि काम वाईट झाले असते तर कोणी दुसरा माणूस पाठवला असता, या गोष्टींवरून न्यायालय ठरवते की तो माणूस कोणाच्या अखत्यारीत होता. आपण यूपीआयने पैसे दुकानाच्या खात्यात भरले असल्याचे लिहिले आहे. तो संदेश पुसू नका. दुकानात पहिल्यांदा केलेला फोन, त्यांनी पाठवलेला ‘टेक्निशियन निघाला आहे’ हा निरोप, हे सगळे जपून ठेवा.

सेवेतील उणिवेची तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करू शकता. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ग्राहक आयोगाची कार्यपद्धती झटपट निकालासाठी बनवलेली आहे. चोरी झाली की नाही, कोणी केली, अशा वादग्रस्त मुद्द्यांवर साक्षीपुराव्यांची लांब उलटतपासणी लागणार असेल तर आयोग आपल्याला दिवाणी न्यायालयाकडे जायला सांगू शकतो. म्हणून तक्रारीत चोरीच्या आरोपावर सगळा भर देऊ नका. दुकानाने अनोळखी माणसे पाठवली, त्यांची नावेही नोंदवून ठेवली नाहीत, आणि विचारल्यावर ती सांगितली नाहीत, ही उणीव स्वतंत्रपणे मांडा. ती कागदांवरूनच सिद्ध होते.

प्रश्न : घरी कामाला माणूस ठेवताना पोलीस पडताळणी सक्तीची आहे का?

उत्तर : भाडेकरू, घरकामगार आणि बाहेरून आलेल्या मजुरांची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी असे आदेश जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी काढतात. तसा आदेश लागू असताना तो जाणूनबुजून मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली कारवाई होऊ शकते. खासगी सुरक्षारक्षकांसाठी मात्र 2005चा स्वतंत्र कायदा आहे. रक्षकाच्या चारित्र्याची आणि पूर्वेतिहासाची खात्री करून घेणे त्या कायद्याने एजन्सीवर बंधनकारक केले आहे, आणि न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला रक्षक म्हणून ठेवता येत नाही. सोसायटीने वॉचमन घेताना एजन्सीचा परवाना पाहण्याचा हक्क आपल्याला आहे, तो बजावा.

आदेश असो वा नसो, पडताळणी करून घ्यावी असेच मी सांगेन, पण तिच्याकडून काय मिळते हे समजून. ठाणे माहिती मूळ गावच्या ठाण्याकडे पाठवते आणि तेथल्या नोंदी पाहून उत्तर येते. नाव कन्नड, ओडिया किंवा हिंदीतून रोमन लिपीत आणि तेथून आपल्या अर्जात येताना एखादे अक्षर जरी बदलले तरी नोंद हुकते. माणूस मधली पाच वर्षे तिसऱ्याच राज्यात राहिला असेल तर गावच्या ठाण्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे, वडिलांचे नाव आणि मधल्या काळातले पत्ते विचारून घ्यावेत, आणि त्याआधी काम केलेल्या दोन घरांना स्वतः फोन करावा. माझ्या वकिलीच्या अनुभवात या दोन फोनांनी जेवढे कळते तेवढे इतर कशानेही कळत नाही. आधार कार्ड ओळख पटवते, चारित्र्याबद्दल काहीही सांगत नाही. आणि एक विनंती : त्याची मूळ कागदपत्रे आपल्याकडे अडकवून ठेवू नका. प्रत पुरेशी आहे, आणि ती प्रतही सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यासाठी नव्हे.

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातला. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला आणि इलेक्ट्रिशियनचे काम शिकलो. एकविसाव्या वर्षी दोन गटांतल्या मारामारीत मला दोषी ठरवले होते, पण न्यायालयाने शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. त्याला आता बारा वर्षे झाली. घरोघरी दुरुस्तीची सेवा देणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर ‘कधी गुन्हा नोंद झाला आहे का’ असा प्रश्न आहे. खरे लिहिले तर काम जाईल. काय करू?

उत्तर : खरे लिहा. हे सांगताना आपल्यापुढची अडचण मला पूर्ण दिसते आहे, तरीही हाच सल्ला देतो, आणि त्याला कायद्याचा आधार आहे.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी या प्रश्नाचा सविस्तर विचार केला. तो निकाल सरकारी भरतीबद्दल असला तरी त्यातला विवेक खासगी मालकालाही उपयोगी आहे. विचारलेली माहिती उमेदवाराने खरी द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर लहान वयातल्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे मालक स्वतःच्या विवेकाने दुर्लक्ष करू शकतो, आणि खरे सांगणाऱ्याचाही पूर्वेतिहास विचारात घेण्याचा मालकाचा अधिकार कायम राहतो, असेही सांगितले. थोडक्यात, लपवणे हा स्वतंत्र दोष ठरतो. उद्या तुमच्या कामाबद्दल कसलाही वाद झाला तर बारा वर्षांपूर्वीच्या मारामारीपेक्षा फॉर्मवरचे खोटे उत्तर तुम्हाला जास्त नडेल.

बंधपत्रावर सुटका झाली ती 1958च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली असावी. त्या कायद्याचे कलम 12 असे सांगते की, अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता माणसाला लागू होत नाही. दोषसिद्धी मुळात झालीच नव्हती असा मात्र त्याचा अर्थ नाही, म्हणून ‘नाही’ हे उत्तर खरे ठरणार नाही. न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि फॉर्मसोबत चार ओळींचे निवेदन जोडा : काय घडले, न्यायालयाने काय केले, त्यानंतर बारा वर्षांत काय काम केले. ज्या घरांत आजवर वायरिंग केले आहे त्यांपैकी दोन-तीन जणांची नावे त्यांना विचारून द्या. हाच प्रसंग अठराव्या वर्षाच्या आतला असता तर उत्तर वेगळे झाले असते. बाल न्याय कायदा, 2015 मुलाला नव्याने सुरुवात करण्याचा हक्क देतो आणि, सोळा वर्षांवरील मुलावर घोर अपराधासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालल्याचा अपवाद वगळता, त्या नोंदीमुळे अपात्रता येत नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या मालकांनाही दोन शब्द. अमेरिकेत नोकरीतील समान संधी आयोगाने 2012 साली मालकांना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य, मध्ये लोटलेला काळ, आणि द्यायच्या कामाचे स्वरूप. आपल्याकडे तो नियम लागू नाही, पण न्याय्य चौकशीची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. बारा वर्षांपूर्वीची मारामारी आणि वायरिंगचे काम यांचा संबंध फार दूरचा आहे. वृद्धेच्या फसवणुकीचा दोन वर्षांपूर्वीचा गुन्हा आणि वृद्धांच्या देखभालीचे काम यांचा संबंध सरळ आहे. नुसता गुन्हा नोंद होणे, खटला चालू असणे, निर्दोष सुटणे आणि दोषी ठरणे या चारही गोष्टी वेगळ्या आहेत. पडताळणीच्या अहवालात ‘नोंद आहे’ एवढेच दिसल्यावर माणसाला दारातूनच परत पाठवू नका, त्याला निकालाची प्रत मागा. डाग असलेल्या प्रत्येकाला कामाबाहेर ठेवल्याने घरे सुरक्षित होत नाहीत. लोक फक्त खोटे लिहायला शिकतात, आणि मग ज्या पडताळणीवर आपण विसंबतो तीच निकामी होते.

प्रश्न : मी घरी जाऊन रुग्णसेवा करते. आमची पडताळणी सगळे मागतात. पण ज्या घरात मी रात्रपाळीला जाते, तेथल्या माणसांची चौकशी कोण करते? एका घरात रुग्णाचा मुलगा नको ते बोलतो. संस्थेला सांगितले तर म्हणतात, सांभाळून घे.

उत्तर : आपला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ‘सांभाळून घे’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी 2013 साली झालेल्या कायद्यात राहते घरसुद्धा कामाचे ठिकाण मानलेले आहे. सुरक्षित वातावरण देण्याचे मालकावरचे कर्तव्य त्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनच्या सुरक्षिततेलाही लागू होते. आपल्या बाबतीत ते कर्तव्य संस्थेचे आहे. छळ करणारा संस्थेचा कर्मचारी नसला तरी, आपली इच्छा असेल तर, त्याच्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करायला लावणे हेही त्या कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे.

संस्थेत दहा किंवा अधिक माणसे असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे लेखी तक्रार द्या. तेवढी माणसे नसतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे, प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढवून मिळते. एखाद्या घरी संस्थेशिवाय थेट नोकरीला असलेल्या घरकामगार स्त्रीलाही स्थानिक समितीकडे जाता येते, आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने सात दिवसांत ते प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे असते. यांपैकी कशासाठीही न थांबता आपण थेट पोलीस ठाण्यातही जाऊ शकता. तो काय बोलला आणि कोणत्या तारखेला, हे आज रात्रीच एका वहीत लिहून ठेवा, आणि संस्थेला जे तोंडी सांगितले तेच उद्या व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, म्हणजे त्यांना कळवल्याचा पुरावा राहील. दुसऱ्या घरी पाळी बदलून मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी पगार कापला तर तेही त्याच तक्रारीत लिहा.